पैजेचा शब्द आणि बोनसच्या अटी

कौरवांच्या द्यूतसभेत द्रौपदीने जो प्रश्न विचारला तो बारकाईने पाहिला तर कायद्याचा प्रश्न होता. धर्मराजाने आधी स्वतःला हरवले की आधी आपल्याला, एवढेच तिला जाणून घ्यावयाचे होते. जो स्वतःच दास झाला त्याला दुसऱ्या कोणाला पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय, हा त्या प्रश्नाचा गाभा. भीष्मांसारख्या धर्मज्ञालाही त्याचे निश्चित उत्तर देता आले नाही. फासे पडून गेले होते, जय-पराजय ठरला होता. परंतु खेळाचा नियम काय होता, तो कोणी ठरविला आणि तो न्याय्य होता की नव्हता, याचा विचार मात्र सर्वस्व गेल्यानंतर सुरू झाला. पैजेच्या व्यवहारातील हे दुखणे अतिशय जुने आहे. नियमांची चौकशी बहुधा हरल्यावरच होते.

आपल्या प्राचीन शास्त्रकारांना या दुखण्याची जाणीव होती. मनूने द्यूत राज्यातून हद्दपार करावे असे सांगितले; पण कौटिल्याने आणि याज्ञवल्क्याने अधिक व्यवहारी मार्ग स्वीकारला. कौटिल्याने द्यूतावर एक अध्यक्ष नेमला, फासे त्याच्याकडूनच घ्यावेत असा नियम केला, फासे बदलणाऱ्यास बारा पणांचा दंड सांगितला आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच राजाच्या पदरी घातले. याज्ञवल्क्याने जुगाराचा अड्डा चालविणाऱ्या सभिकावर आणखी एक जबाबदारी टाकली. हरलेल्याकडून द्रव्य वसूल करून ते जिंकणाऱ्याच्या हाती पोचविणे हे सभिकाचे काम. साधन खरे असावे आणि जिंकलेले पदरात पडावे, अशा या दोन अपेक्षा होत्या. आज संगणकावर आणि हातातील फोनवर चालणाऱ्या पैजांच्या पेढ्यांबद्दल जो वाद जगभर चालू आहे, तोही मुळात याच दोन अपेक्षांचा आहे. फरक इतकाच की फाशांची जागा आता अटींच्या कलमांनी घेतली आहे.

या वादाचा इतिहास सर्वांत सलगपणे पाहावयाचा असेल तर ब्रिटनकडे वळावे लागते. घोड्यांच्या शर्यतींवर भाव सांगून पैजा घेणारा धंदेवाईक बुकी अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथे उदयास आला. त्या काळी पैजेचे पैसे वसूल करण्यासाठी कोर्टाची पायरी चढणे प्रतिष्ठितांना कमीपणाचे वाटे. पैजेचे देणे हे अब्रूचे देणे मानले जाई. लंडनमधील टॅटरसॉल्स या घोडेबाजाराच्या दिवाणखान्यात हिशेब चुकते होत, आणि जो चुकवी त्याला शर्यतीच्या मैदानावर पाऊल ठेवता येत नसे. ही व्यवस्था एका अर्थाने कार्यक्षम होती. पण ती एकमेकांना ओळखणाऱ्या श्रीमंतांच्या वर्तुळापुरती होती. ज्याला मंडळाच्या दारातही प्रवेश नव्हता, त्या कारकुनाला किंवा मजुराला ही अब्रू उपयोगाची नव्हती.

त्या वर्तुळाची अब्रूही किती ठिसूळ होती हे १८४४ च्या डर्बीने दाखविले. ही शर्यत तीन वर्षांच्या घोड्यांची. तीत ‘रनिंग रेन’ या नावाने पहिला आलेला घोडा वस्तुतः ‘मॅकाबीअस’ नावाचा चार वर्षांचा घोडा होता. दुसऱ्या क्रमांकाच्या ‘ऑर्लंडो’चे मालक कर्नल पील यांनी आक्षेप घेतला, लॉर्ड जॉर्ज बेंटिंक यांनी पुरावे गोळा केले आणि प्रकरण न्यायालयात गेले. न्यायाधीश बॅरन ऑल्डरसन यांनी घोडाच हजर करा असे फर्मावले; तो काही हजर झाला नाही, आणि दावा कोसळला. सगळ्या इंग्लंडने लावलेल्या पैजा एका खोट्या घोड्यावर लागल्या होत्या. त्याच वर्षी पार्लमेंटची समिती जुगाराच्या प्रश्नावर बसली आणि पुढच्या वर्षी, १८४५ साली, नवा कायदा झाला.

या कायद्याच्या अठराव्या कलमाने पैजेचे सर्व करार रद्दबातल ठरविले. बुकीने पैसे बुडविले तर ग्राहकाला दावा नाही. ग्राहकाने बुडविले तर बुकीलाही नाही. वरवर पाहता ही मोठी निःपक्षपाती व्यवस्था होती. परंतु तिचा परिणाम असा झाला की पैजेची अट न्याय्य आहे की अन्याय्य, हा प्रश्न विचारण्याची जागाच नाहीशी झाली. जो करारच नाही, त्याच्या अटींची छाननी न्यायालय कशी करणार? पुढे १८५३ च्या कायद्याने रोख पैजा घेणारी दुकाने बंद केली, आणि १९०६ च्या कायद्याने रस्त्यावरील पैजा गुन्हा ठरविल्या. ज्याची बुकीकडे पत होती तो तारेने, नंतर टेलिफोनने, उधारीची पैज बिनदिक्कत लावी. ज्याच्या खिशात एखादा शिलिंग होता त्याला मात्र गल्लीच्या कोपऱ्यावर पोलिसांची नजर चुकवावी लागे. कायद्याचे शब्द सर्वांना सारखे होते, त्याचा भार मात्र सारखा नव्हता.

याच काळातला एक प्रसिद्ध खटला येथे आठवतो. ‘कार्बोलिक स्मोक बॉल’ नावाचे सर्दी-पडशावरील औषध विकणाऱ्या कंपनीने १८९१ साली वर्तमानपत्रांत जाहिरात दिली की, सांगितल्याप्रमाणे औषध वापरूनही ज्याला इन्फ्लुएंझा होईल त्याला १०० पौंड देऊ. आणि आपल्या प्रामाणिकपणाची साक्ष म्हणून बँकेत १,००० पौंड ठेवल्याचेही छापले. श्रीमती कार्लिल यांनी औषध वापरले, त्यांना आजार झाला, आणि त्यांनी पैसे मागितले. कंपनीने अनेक बचाव पुढे केले. त्यांपैकी एक असा की, ही तर पैज झाली, आणि १८४५ च्या कायद्याप्रमाणे पैज रद्दबातल आहे! अपील न्यायालयाने डिसेंबर १८९२ मध्ये हे सारे बचाव फेटाळले. जाहिरातीने साऱ्या जगाला दिलेले वचन, ते वाचून त्याप्रमाणे वागणाऱ्याच्या बाबतीत, पाळावेच लागते असे तत्त्व त्यातून रूढ झाले. औषधविक्रेत्याचे आमिष वचन ठरले. बुकीचे आमिष मात्र पुढची शंभराहून अधिक वर्षे वचन ठरू शकले नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर रॉयल कमिशन बसले, विचारविनिमय झाला आणि १९६० च्या कायद्याने पैजांच्या दुकानांना परवाने मिळाले. १ मे १९६१ रोजी अशी दुकाने उघडू लागली. पैज लावणे आता राजरोस झाले. पण पैजेचा करार मात्र रद्दबातलच राहिला. दुकान कायदेशीर आणि त्यातील व्यवहार निराधार, अशी ही चमत्कारिक स्थिती होती. तक्रार असली तर घोड्यांच्या शर्यतींसाठी टॅटरसॉल्सची समिती होती, ‘स्पोर्टिंग लाइफ’ या शर्यतींच्या दैनिकाची तक्रार-निवारणाची सेवा होती आणि १९९८ पासून स्वतंत्र लवाद मंडळ आले. या संस्थांनी पुष्कळ उपयुक्त काम केले; परंतु त्यांच्यासमोर प्रश्न येई तो ‘पेढीच्या नियमाप्रमाणे काय होते’ असा. ‘पेढीचा नियमच बरोबर आहे काय’ असे विचारण्यामागे कायद्याचे बळ नव्हते.

हे बळ आले ते २००५ च्या जुगार कायद्याने. त्याच्या ३३५ व्या कलमाने सांगितले की, एखादा करार पैजेचा आहे एवढ्याच कारणाने त्याची अंमलबजावणी नाकारता येणार नाही. १ सप्टेंबर २००७ पासून हे कलम लागू झाले. १६२ वर्षांनी पैज पुन्हा करार झाली. नीतीच्या दृष्टीने काहींना ही अधोगती वाटली असेल, पण न्यायाच्या दृष्टीने ती एक मोठी पायरी होती. पैज करार झाली तेव्हाच ग्राहकसंरक्षणाचे सर्व कायदे तिला लागू झाले. सद्भावनेला सोडून असलेली आणि दोन पक्षांच्या हक्क-कर्तव्यांत ग्राहकाच्या विरुद्ध मोठा असमतोल निर्माण करणारी अट त्याच्यावर बंधनकारक नाही, हे तत्त्व युरोपच्या १९९३ च्या निर्देशातून ब्रिटनच्या कायद्यात आले होते; ते २०१५ च्या ग्राहकहक्क कायद्यात अधिक पक्के झाले.

दरम्यान पैजेचा धंदा दुकानातून उठून इंटरनेटवर गेला होता. १९९६ च्या सुमारास पहिल्या ऑनलाइन पैजा घेतल्या गेल्या. ब्रिटनमध्ये तेव्हा ग्राहकाला पैजेवर शेकडा नऊची कपात सोसावी लागे. १९९९ साली व्हिक्टर चँडलर या मोठ्या बुकीने आपला धंदा जिब्राल्टरला हलविला आणि ही कपात टाळली. पाठोपाठ इतरही निघाले. अखेर २००१ साली सरकारने पैजेवरील कर काढून पेढीच्या ढोबळ नफ्यावर कर बसविला. या सगळ्या उलथापालथीत एक गोष्ट नवी घडली. पूर्वी ग्राहक आपल्या गल्लीतल्या दुकानाशी बांधलेला असे. आता तो बोटाच्या एका हालचालीने एका पेढीतून दुसरीत जाऊ लागला. अशा चंचल ग्राहकाला आत ओढण्यासाठी आणि आत आल्यावर अडकवून ठेवण्यासाठी जी युक्ती निघाली तिचे नाव बोनस.

बोनसचे दोन मुख्य प्रकार. पहिला ‘फुकट पैज’. खाते उघडा, दहा पौंडांची पैज लावा, दहा पौंडांची फुकट पैज घ्या, असे सांगितले जाते. ऐकणाऱ्याला वाटते दहा पौंड मिळाले. वस्तुतः फुकट पैज जिंकली तरी बहुधा तिची मूळ रक्कम परत मिळत नाही, फक्त वरचा नफा मिळतो. छाप-काट्यासारखी अगदी समसमान पैज घेतली तर स्वतःच्या दहा पौंडांवर जिंकणाऱ्याला वीस मिळतात, फुकट पैजेवर जिंकणाऱ्याला दहाच. जिंकण्याची शक्यता निम्मी. म्हणजे दहाच्या त्या देणगीची खरी किंमत पाच पौंड. शिवाय भाव अमुक एका मर्यादेच्या वरच असला पाहिजे, पैज सात दिवसांतच लावली पाहिजे, अशी बंधने असतात ती निराळीच.

दुसरा प्रकार उलाढालीच्या अटीचा. बोनसची रक्कम खात्यात दिसते, पण ती काढता येत नाही. तिच्या अमुक पट रकमेच्या पैजा लावल्या म्हणजे ती मोकळी होते. समजा बोनस १० पौंड आणि अट ५० पटींची. म्हणजे एकूण ५०० पौंडांच्या पैजा लावावयाच्या. पेढीची हमखास बाजू शेकडा पाच धरली तर ५०० पौंडांवर सरासरी तोटा २५ पौंडांचा होतो. देणगी दहाची आणि ती मोकळी करण्याचा खर्च पंचवीसचा! साहजिकच बहुसंख्य ग्राहकांचा बोनस अट पुरी होण्यापूर्वीच संपतो. हेच बंधन दहा पटींचे असते तर तोटा सरासरी पाच पौंड झाला असता आणि निम्मी देणगी तरी शिल्लक राहिली असती. पटीचा हा आकडा जाहिरातीतील मोठ्या अक्षरांत क्वचितच असे. तो असे दुव्यामागच्या दुव्यात, अटींच्या लांबलचक मजकुरात.

याहून गंभीर गोष्ट अशी की, पुष्कळ पेढ्यांच्या नियमांप्रमाणे बोनसबरोबर ग्राहकाने स्वतः भरलेले पैसेही त्याच बंधनात अडकत. पन्नास पौंड स्वतःचे भरून पन्नास बोनस घेणाऱ्याला, मध्येच शहाणपण सुचून ‘आता पुरे’ म्हणावेसे वाटले, तरी स्वतःचे जिंकलेले पैसे उचलता येत नसत. देणगी म्हणून दिलेली वस्तू येथे गहाणखत बनत होती. त्यातच आणखी कलमे असत. बोनस चालू असताना अमुक रकमेहून मोठी पैज लावली तर सारी जिंक रद्द. अमुक खेळ चालणार नाहीत. ‘संशयास्पद’ किंवा ‘अनियमित’ खेळ आढळल्यास पैसे जप्त. आणि खेळ अनियमित होता की नाही हे ठरविण्याचा अखेरचा अधिकार पेढीचा. खेळणारा आणि पंच एकच, अशी ही रचना होती.

पेढ्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे, कारण ती अगदीच पोकळ नाही. २००० साली बेटफेअर ही पैजांची बाजारपेठ सुरू झाली आणि ग्राहकाला एखाद्या घोड्याच्या किंवा संघाच्या विरुद्धही पैज घेता येऊ लागली. चतुर ग्राहकांनी एका पेढीवर फुकट पैज एका घोड्याच्या बाजूने लावली आणि बाजारपेठेत त्याच घोड्याच्या विरुद्ध लावली. घोडा जिंको वा हरो, बोनसचा मोठा भाग हाती येऊ लागला. काहींनी आई, बहीण, मेहुणा यांच्या नावांनी खाती काढून एकाच घरात दहा बोनस उचलले. पेढ्यांनी बंधने वाढविली ती काही अंशी या कारणाने. दुसऱ्याच्या नावाने खाते उघडणे ही सरळसरळ फसवणूक आहे आणि तिला आळा घालण्याचा पेढीला अधिकार आहे. परंतु पेढीने स्वतः जाहीर केलेल्या नियमांत राहून, केवळ हिशेबाने वागून फायदा मिळविणारा ग्राहक फसव्या नव्हे. तो तर पेढी जे रोज करते तेच करीत असतो. दोघांसाठी एकच जाळे टाकणारी कलमे लिहिली गेली, आणि त्या जाळ्यात तिसराच सापडू लागला: ज्याला हिशेबही कळत नव्हता आणि लबाडीही करावयाची नव्हती, असा साधा ग्राहक.

ऑक्टोबर २०१६ मध्ये ब्रिटनच्या स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने जुगार आयोगाच्या साहाय्याने या व्यवहाराची चौकशी सुरू केली. फेब्रुवारी २०१८ मध्ये लॅडब्रोक्स, विल्यम हिल आणि पीटी एन्टरटेनमेंट या तीन पेढ्यांनी लेखी हमी दिली. ग्राहकाने स्वतःच्या पैशांतून जिंकलेली रक्कम काढण्यापूर्वी त्याला वारंवार पैजा लावावयास भाग पाडले जाणार नाही. खेळावरील बंधने स्पष्ट सांगितली जातील. अस्पष्ट कलमांच्या आधारे जिंकलेले पैसे अडविले जाणार नाहीत. आणि विजेत्याला आपल्या जाहिरातीसाठी उभे राहण्याची सक्ती होणार नाही. त्याच वर्षी आयोगाने परवान्याच्या अटींतच बदल केला आणि ग्राहककायद्याचे उल्लंघन हा परवान्याचाही भंग ठरविला. स्वतःचे पैसे आणि देणगीचे पैसे यांच्यामध्ये एक भिंत उभी राहिली, हे या चौकशीचे खरे फलित.

न्यायालयांनीही याच सुमारास आपली कसोटी घासून पाहिली. २०१२ च्या स्प्रेडेक्स खटल्यात ग्राहकाच्या खात्यावर एका लहान मुलाने संगणकाशी खेळता खेळता व्यवहार केले होते. खात्यावरील प्रत्येक व्यवहाराची जबाबदारी ग्राहकावरच टाकणारे कलम ४९ पानांच्या मजकुरात कोठेतरी होते. न्यायालयाने ते अन्याय्य ठरविले. २०२१ मध्ये बेटफ्रेडविरुद्धच्या खटल्यात एका ग्राहकाने सतरा लाखांहून अधिक पौंड जिंकले होते; खेळाच्या यंत्रणेत दोष होता असे सांगून पेढीने ते नाकारले. उच्च न्यायालयाने निकाल दिला की, ज्या कलमांवर पेढी विसंबून होती त्यांचा अर्थ तसा होत नाही, आणि होत असता तरी ती ग्राहकाच्या नजरेस नीट आणून दिलेली नव्हती. २०२५ च्या एका खटल्यात पडद्यावर दिसलेले दहा लाख पौंडांचे बक्षीस आणि पेढीच्या नोंदीतील वीस हजारांचे बक्षीस यांत विरोध आला. न्यायालयाने पडद्यावर जे दाखविले तेच द्यावयास सांगितले.

तथापि न्यायालये नेहमी खेळणाऱ्याच्याच बाजूने उभी राहतात असे मानणे चूक ठरेल. राष्ट्रीय लॉटरीच्या ऑनलाइन खेळात एका ग्राहकाला पडद्यावर दहा लाख पौंडांची जुळणी दिसली; प्रत्यक्षात ती संगणकाच्या चुकीने दिसली होती आणि खरे बक्षीस दहा पौंडांचे होते. २०२४ साली अपील न्यायालयाने तिचा दावा फेटाळला. अटी मान्य असल्याची खूण तिने केली होती, त्या वाचण्याची रीतसर सोय होती, आणि बक्षीस कसे ठरते हे त्या अटींत स्पष्ट होते, असे न्यायालयाने मानले. म्हणजे कायदा आकड्याच्या मोठेपणाकडे पाहत नाही. अट कोठे ठेवली होती, ती कितपत समजण्याजोगी होती आणि तिचा भार कोणावर पडत होता, हे तो पाहतो.

परंतु स्पष्टपणा म्हणजेच न्याय काय, हा प्रश्न एवढ्याने सुटत नाही. पन्नास पटींची अट ठळक अक्षरांत छापली तरी ती पन्नास पटींचीच राहते. जो ग्राहक संयमी आहे तो असा बोनस घेतच नाही. तो घेतो तो बहुधा ज्याला थांबणे जड जाते असा माणूस. आणि अट त्याला सांगते की थांबशील तर गमावशील. जेथे हात आवरण्याची गरज आहे तेथेच हात चालू ठेवण्याची सक्ती, हा उलाढालीच्या अटीचा खरा दोष. एप्रिल २०२३ मध्ये ब्रिटिश सरकारने प्रसिद्ध केलेल्या श्वेतपत्रिकेत बोनसचा विचार नुकसानीच्या याच अंगाने झाला. पुढे विचारविनिमय होऊन मार्च २०२५ मध्ये आयोगाने नवे नियम जाहीर केले, आणि ते १९ जानेवारी २०२६ पासून अमलात आले. बोनसची रक्कम दहा पटींहून अधिक फिरविण्याची अट घालता येणार नाही. आणि एकाच बोनससाठी क्रीडापैज व स्लॉट यंत्राचा खेळ असे दोन निराळे प्रकार खेळावयास लावता येणार नाही. फुटबॉलच्या सामन्यावर अधूनमधून पैज लावणाऱ्याला बोनसच्या वाटेने अधिक वेगवान आणि अधिक घातक खेळाकडे नेले जात होते, तो रस्ता या दुसऱ्या नियमाने बंद केला.

इतर देशांनी निराळ्या वाटा काढल्या. ऑस्ट्रेलियाने क्रीडापैजांच्या पेढ्यांना नवे खाते उघडण्यासाठी आमिष दाखविण्याची मनाई केली, आणि बोनसवर जिंकलेले पैसे उलाढालीची अट न घालता काढू दिले पाहिजेत असे ठरविले. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताने २०२२ साली बाजार खुला करताना बोनसच्या सार्वजनिक जाहिरातींवरच बंदी घातली. आमिष असू द्यावे पण त्याची दोरी आखूड करावी, आमिष दाखवावे पण चव्हाट्यावर नको, किंवा आमिषच नको, असे हे तीन विचार आहेत. तिघांचे मूळ एकच: ‘ग्राहकाने मान्य केले होते’ एवढ्या उत्तरावर कोणीही समाधान मानलेले नाही.

भारताची स्थिती मात्र अजून त्या १८४५ च्या विचाराशी नाते सांगणारी आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या तिसाव्या कलमाने पैजेचे करार रद्दबातल ठरविले आणि जिंकलेल्या रकमेसाठी दावा लावता येणार नाही असे सांगितले. घोड्यांच्या शर्यतीतील पाचशे रुपयांवरील बक्षिसाचा तेवढा अपवाद ठेवला. मुंबई इलाख्यात तर १८६५ च्या कायद्याने पैजेला पूरक असे करारही रद्द केले होते. १९५७ साली मुंबई राज्य आणि चमारबागवाला यांच्यातील शब्दकोड्यांच्या स्पर्धेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुगार हा घटनेने संरक्षिलेला व्यापारच नव्हे असा निर्णय दिला. केंद्र सरकारने २०२२ साली ऑनलाइन पैजांच्या जाहिराती छापू अगर दाखवू नयेत अशा सूचना प्रसारमाध्यमांना दिल्या, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संमत केला.

या धोरणाच्या बाजूने पुष्कळ बोलता येईल. पण त्याचा एक अटळ परिणाम सर्वसामान्य माणसाने ध्यानात घेतला पाहिजे. परदेशी बेटावर नोंदलेल्या एखाद्या पेढीची जाहिरात क्रिकेटच्या हंगामात फोनवर येते आणि भरलेल्या रकमेइतका बोनस देऊ करते, तेव्हा त्या बोनसच्या अटी न्याय्य आहेत की नाहीत हे पाहणारे कोणीही भारतात नाही. ब्रिटनमधील ग्राहकाला आयोग आहे, लवाद आहे, न्यायालय आहे. येथल्या ग्राहकाला कलमे तीच, पण दाद मागण्याचे दार बंद. त्याचे पैसे अडले तर ते अडलेच. घरच्यांना सांगण्याचीही सोय नसते, आणि म्हणून अशा तक्रारी बहुधा कानी येतच नाहीत.

पावणेदोनशे वर्षांच्या या प्रवासात पैज अब्रूच्या कक्षेतून निघाली, कायद्याने तिला वाऱ्यावर सोडले, पुढे तिला कराराची प्रतिष्ठा दिली आणि शेवटी त्या करारातील दुबळ्या पक्षाचा हात धरला. प्रत्येक टप्प्यावर पेढीचा युक्तिवाद सारखाच राहिला: नियम लिहिलेला होता. आणि प्रत्येक टप्प्यावर समाजाने हळूहळू शिकलेले उत्तरही एकच: नियम लिहिलेला असणे पुरेसे नाही, पैसे घेण्यापूर्वी तो मोठ्याने वाचून दाखविला असता तर समोरच्याने पैसे दिले असते काय, हे विचारले पाहिजे. ज्या देणगीची अट आधी सांगितली तर कोणी ती घेणार नाही, ती देणगी नसून सौदा आहे. सौदा करण्यास हरकत नाही. पण मग त्याला सौदाच म्हणावे, त्याची किंमत आधी सांगावी, आणि जिंकलेले द्रव्य याज्ञवल्क्याच्या सभिकाप्रमाणे मुकाट्याने जिंकणाऱ्याच्या हाती ठेवावे.